बाळाच्या खोलीसाठी ह्युमिडिफायर: आधी हवा मोजा, मग यंत्र निवडा

डिसेंबर-जानेवारीत नागपूर, जळगाव, नाशिक, पुण्याकडे थंडी पडली की बाळाचं नाक सुकतं, रात्री घुरघुर सुरू होते, गाल आणि ओठ फुटतात. मग घरात कुणीतरी ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, आणायचं सुचवतं. फोनवर शोधायला गेलं की हत्तीच्या आकाराची, ढगाच्या आकाराची, रंगीत दिव्यांची ढीगभर यंत्रं समोर येतात आणि आईबाबा त्यांची तुलना करत बसतात. पण कुठलं घ्यावं हा दुसरा प्रश्न झाला. आपल्या खोलीला त्याची गरज आहे का, हे आधी ठरवावं लागतं. आणि घ्यायचंच ठरलं, तर जे यंत्र रोज धुणं तुम्हाला जमणार नाही, ते बाळाच्या खोलीत नसलेलंच बरं, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे या लेखात यंत्राच्या दिव्यांपेक्षा पाण्याबद्दल आणि धुण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

पहिली पायरी: खोलीतली आर्द्रता मोजा

यासाठी हायग्रोमीटर लागतो. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर काहीशे रुपयांत मिळतो. ह्युमिडिफायर घ्यायचा नसला तरी ही वस्तू घरात असावी.

आणल्यावर तो बरोबर दाखवतो का ते तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या आणि थेंब थेंब पाणी घालून ते ओलसर करा. मीठ विरघळून जाता कामा नये, ओल्या वाळूसारखं दिसलं की पुरे. हे झाकण आणि हायग्रोमीटर एका पारदर्शक, घट्ट झाकणाच्या बरणीत शेजारी शेजारी ठेवा आणि दहा-बारा तास उघडू नका. बंद बरणीत ओल्या मिठावरची हवा ७५ टक्के आर्द्रतेला स्थिरावते. तुमचं यंत्र ७० दाखवत असेल तर ते पाच टक्के कमी दाखवतं, हे लक्षात ठेवून पुढचे आकडे वाचायचे.

मग तो बाळ झोपतं त्या उंचीला, पण खिडकी, पंखा आणि एसीच्या झोतापासून दूर ठेवा. दोन-तीन दिवस सकाळी, दुपारी आणि मध्यरात्री दुधासाठी उठाल तेव्हा आकडा टिपून ठेवा. मध्यरात्रीचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवायला सांगते. ५० च्या वर धुळीतले सूक्ष्म कीटक गादी-उशांत वाढू लागतात, ६० च्या वर भिंतीवर बुरशी धरायला सुरुवात होते. घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर ही वरची मर्यादा फार गांभीर्याने घ्या. रात्रीचा आकडा सातत्याने ३५ च्या खाली जात असेल तर यंत्राचा विचार करायचा, ४० ते ४५ पर्यंत आणायचं आणि ५० ला थांबायचं, असं मी सुचवेन.

हवामानाच्या ॲपवरचा आकडा इथे उपयोगाचा नाही. आर्द्रतेची टक्केवारी तापमानावर ठरते, आणि बाहेरचं आणि खोलीतलं तापमान वेगळं असतं. समजा पुण्यात जानेवारीच्या पहाटे बाहेर १० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता आहे. तीच हवा बंद खोलीत २२ अंशांपर्यंत गरम झाली की तिची आर्द्रता ३६ टक्क्यांच्या आसपास येते. त्यात रूम हीटर लावून खोली २६ अंशांवर नेली, तर ती ३० च्याही खाली जाते. पाण्याचा एक थेंबही कमी झालेला नसतो, फक्त हवा तापलेली असते. बाळाच्या खोलीत हीटर लावणाऱ्यांनी आधी हीटर दोन-तीन अंश कमी करून पाहावं आणि बाळाला एक अंगडं जास्त घालावं. बऱ्याच घरांत प्रश्न तिथेच सुटतो.

एसीच्या बाबतीत उलट घडतं. एसी हवेतलं पाणी काढतो हे खरं, पण हवा थंडही करतो, आणि थंड हवेची टक्केवारी वाढते. त्यामुळे “एसी लावतो म्हणजे खोली कोरडीच असणार” असं धरून चालू नका. मुंबईत, कोकणात, गोव्यात एसीच्या खोलीतही आकडा बऱ्याचदा ५० च्या वरच राहतो. किनारपट्टीवर राहणाऱ्या बहुतेक कुटुंबांना ह्युमिडिफायरची गरज नाही. पावसाळ्यात तर कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते, तिथे आणखी ओल कशाला घालायची?

विदर्भ-खानदेशातल्या उन्हाळ्याची गोष्ट निराळी. एप्रिल-मेच्या दुपारी तिथली हवा कमालीची कोरडी असते, पण घरात कूलर चालू असतो, आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर म्हणजे स्वतःच एक भलामोठा ह्युमिडिफायर आहे. कूलर चालू असलेल्या खोलीत दुसरं यंत्र लावायचं नाही. मात्र कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायलाच हवी. साचलेल्या पाण्यात डासही होतात आणि जंतूही.

दुसरी पायरी: यंत्राशिवाय भागतं का ते पाहा

बाळाच्या घरात ओल्या कपड्यांची कमतरता नसते. दुपटी, लंगोट, झबली पिळून स्टँडवर टाकली की त्यांत मिळून लिटर-सव्वा लिटर पाणी सहज असतं, आणि ते रात्रभरात खोलीच्या हवेत जातं. स्टँड बाळापासून दूर, पंख्याच्या हलक्या वाऱ्यात ठेवा आणि सकाळी हायग्रोमीटर पाहा. आकडा ४० ला पोचला असेल तर पैसे वाचले. खोलीत पाण्याची वाटी किंवा पातेलं ठेवण्याचा उपयोग मात्र जवळपास शून्य असतो. एवढ्याशा पृष्ठभागावरून फारच थोडं पाणी उडतं.

इथेच एक आग्रहाची विनंती. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकून धुरी द्यायची पद्धत अजून अनेक घरांत आहे. आजींचा हेतू प्रेमाचाच असतो, पण धूर बाळाच्या श्वासनलिकेला त्रास देतो, आणि बंद खोलीतली निखाऱ्याची शेगडी कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकते. उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइलही त्याच खोलीत नको. नाक चोंदण्याचं कारण हवेचा कोरडेपणा नसून धूर असेल, तर कुठलंही यंत्र ते बरं करणार नाही.

तिसरी पायरी: प्रकार ठरवा

बाजारात मुख्यतः तीन प्रकार आहेत.

आपल्याकडे सगळ्यात जास्त विकला जातो तो अल्ट्रासोनिक. पाण्याखालची एक छोटी चकती सेकंदाला लाखो वेळा थरथरते आणि पाण्याचे अतिबारीक तुषार उडवते. आवाज जवळजवळ नाही, वीज कमी, किंमत आवाक्यात. दोष एकच आणि तो मोठा आहे. पाण्यात जे असेल ते सगळं हवेत जातं. क्षार असतील तर क्षार, जंतू असतील तर जंतू. टीव्हीच्या पडद्यावर आणि काळ्या फर्निचरवर पांढरी पूड दिसू लागते ती याचीच. फर्निचरवर बसते तशीच ती श्वासावाटे छातीतही जाते.

दुसरा बाष्पीभवनाचा. यात पाणी शोषणारा जाड फिल्टर असतो आणि मागचा पंखा त्यातून हवा ढकलतो. फक्त पाण्याची वाफ बाहेर येते, क्षार फिल्टरमध्येच अडकतात. हवा दमट होत गेली की बाष्पीभवन आपोआप मंदावतं, त्यामुळे खोली ओलीचिंब होण्याची भीती कमी. पंख्याचा सौम्य आवाज येतो, पण बाळं त्या आवाजात छान झोपतात. अडचण फिल्टरची. जड पाण्यात तो दोन-तीन महिन्यांत कडक होतो आणि बदलावा लागतो. विकत घेण्यापूर्वी त्याच मॉडेलचा सुटा फिल्टर भारतात मिळतो का, केवढ्याला मिळतो, हे पाहिल्याशिवाय यंत्राचे पैसे भरू नका.

तिसरा गरम वाफेचा. पाणी उकळून वाफ सोडतो. जंतू मरतात, क्षार तळाशी राहतात, म्हणजे स्वच्छतेच्या दृष्टीने उत्तम. पण आत उकळतं पाणी असतं. रांगणारं बाळ वायर ओढतं, मोठं भावंड स्टूलला धक्का देतं, आणि एका क्षणात भाजण्याचा अपघात होतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना याच कारणाने मुलांच्या खोलीत थंड तुषारांचंच यंत्र ठेवायला सांगते. मीही गरम वाफेचं यंत्र बाळाच्या खोलीसाठी सुचवणार नाही. सर्दीत तोंडावर वाफ घ्यायचं घरगुती वाफाऱ्याचं यंत्र आणि डॉक्टर औषध द्यायला सांगतात ते नेब्युलायझर, या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. दुकानात तिन्ही एकाच फळीवर असतात, म्हणून सांगितलं.

निवड सोपी करायची तर असं पाहा. फिल्टर नियमित मिळत असेल तर बाष्पीभवनाचं यंत्र घ्या. तसं नसेल आणि कमी क्षारांचं पाणी रोज वापरायची तयारी असेल तर अल्ट्रासोनिक चालेल. बोअरवेलच्या पाण्यावर अल्ट्रासोनिक चालवायचं नाही, याला अपवाद नाही.

चौथी पायरी: पाणी

यंत्र निवडण्याइतकाच वेळ पाण्यावर द्या. पाण्यातले विरघळलेले क्षार टीडीएस मीटरने मोजता येतात. वॉटर प्युरिफायरची सर्व्हिस करायला येणाऱ्या माणसाकडे तो असतोच, त्याला मोजून द्यायला सांगा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार स्वीकारार्ह मानले जातात. पिण्यासाठी हे ठीक आहे. पण अशा पाण्याचे दोन लिटर रात्रभरात अल्ट्रासोनिकमधून उडवले, तर एक ग्रॅम बारीक पूड बंद खोलीच्या हवेत सोडल्यासारखं होतं. बोअरवेलचं पाणी १००० च्या वर असेल तर ती दुप्पट.

“पाणी उकळून गार केलं की झालं” हा समज घरोघरी आहे. उकळल्याने जंतू मरतात, पण पाणी आटतं आणि लिटरमागे क्षार उलट वाढू शकतात. जड पाण्यातला थोडा चुना भांड्याला चिकटून कमी होतो, बाकीचे क्षार तसेच राहतात. म्हणून आधी आरओचं पाणी, आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर तेच उकळून पूर्ण गार केलेलं, हा आपल्या घरांत रोज जमणारा मार्ग. आरओ नसेल तर डिस्टिल्ड पाणी. पण इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी गॅरेजमध्ये सुट्या कॅनमधून देतात ते नको. त्या कॅनमध्ये आधी काय होतं याचा पत्ता नसतो. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी शुद्ध असतं, असंही काहीजण सांगतात. ते एसीच्या धुळकट कॉइलवरून वाहून आलेलं असतं, ते टाकीत घालायचं नाही.

पाचवी पायरी: आकार

जाहिरातीतल्या “इतक्या चौरस फुटांसाठी” या दाव्यापेक्षा थोडं गणित करा. १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. २४ अंशांना ती २५ टक्क्यांवरून ४५ वर न्यायला जेमतेम १५० मिलिलिटर पाणी लागतं. पण दाराखालच्या फटीतून, खिडकीतून हवा बदलत राहते. तासाभरात निम्मी हवा बदलत असेल तर तासाला ७५ मिलिलिटर, पूर्ण बदलत असेल तर दीडशे. म्हणजे दहा तासांच्या रात्रीला पाऊण ते दीड लिटर.

यावरून दोन गोष्टी कळतात. यूएसबीवर चालणारी, पाव लिटरची टेबलावरची खेळणी इथे कामाची नाहीत. आणि सहा लिटरच्या टाकीचीही गरज नाही. दोन ते तीन लिटरची टाकी आणि तासाला १०० ते २५० मिलिलिटरचा कमी-जास्त करता येणारा वेग, एवढं बेडरूमला पुरतं. मोठी टाकी घेतली की “अजून पाणी आहे” म्हणून तेच पाणी तीन दिवस राहतं, आणि सगळं बिघडतं ते तिथून.

सहावी पायरी: हातात घेऊन पाहायच्या गोष्टी

टाकीचं तोंड एवढं रुंद हवं की मूठ आत जाऊन तळ घासता आला पाहिजे. अरुंद गळ्याची टाकी कितीही सुंदर असली तरी परत ठेवून द्या. वरून पाणी भरता येत असेल तर झोपेच्या वेळी उलटसुलट करावं लागत नाही. खालचं भांडं सपाट हवं, त्यात बोट न पोचणारे कोपरे, खाचा नकोत. पाणी संपल्यावर आपोआप बंद होण्याची सोय अनिवार्य समजा. यंत्राचा दिवा पूर्ण बंद करता येतो का तेही पाहा, कारण रात्रभर जळणारा निळा दिवा बाळाच्या झोपेला बरा नव्हे.

यंत्रातच आर्द्रता मोजण्याची सोय असेल तर चांगलं, पण तिच्यावर विसंबू नका. तो सेन्सर तुषारांच्या शेजारीच असतो, त्यामुळे खोलीच्या दुसऱ्या टोकाचं खरं चित्र त्याला कळत नाही. तुमचा मिठाने तपासलेला हायग्रोमीटरच प्रमाण. सुगंधी तेलाचा कप्पा, सात रंगांचे दिवे, ब्लूटूथ यांसाठी जास्त पैसे देऊ नका.

सातवी पायरी: कुठे ठेवायचं, कसं चालवायचं

पाळणा किंवा पलंगापासून चार-पाच फूट दूर, भक्कम टेबलावर, बाळाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. झोत मच्छरदाणीवर, भिंतीवर, पडद्यावर किंवा प्लगवर जाता कामा नये. वायर भिंतीकडून घ्या, लोंबती ठेवू नका. पंखा एकवर असू द्या म्हणजे तुषार एकाच जागी बसत नाहीत. टेबल, चादर किंवा बाळाचे केस दमट लागले तर वेग कमी करा. काचेवर आतून थेंब जमले तर यंत्र बंदच करा. रात्रभर चालवलंच पाहिजे असंही नाही. झोपण्यापूर्वी दोन तास चालवून आकडा ४५ ला आला आणि पहाटेपर्यंत ४० च्या आसपास राहिला, तर तेवढं पुरे. सकाळी खिडक्या उघडून ऊन-वारा आत येऊ द्या.

आठवी पायरी: धुणं

रोज सकाळी उरलेलं पाणी ओतून द्यायचं, झाडांना घातलं तरी चालेल. टाकी आणि खालचं भांडं खळखळून धुवायचं, स्वच्छ फडक्याने पुसायचं आणि दिवसभर तोंड उघडं ठेवून वाळवायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते रोजचं आहे. कालच्या पाण्यावर आज पाणी घालायचं नाही.

दर तिसऱ्या दिवशी स्वयंपाकातलं पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन भांड्यात वीस-तीस मिनिटं ठेवा. व्हिनेगर नसेल तर लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व. अल्ट्रासोनिकची चकती मऊ ब्रशने हळुवार पुसा, तारेची घासणी किंवा सुरी लावू नका. वास जाईपर्यंत तीनदा धुवा.

आठवड्यातून एकदा निर्जंतुक करायला ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. आपल्या मेडिकलमध्ये बहुधा ६ टक्क्यांची बाटली मिळते. लेबल वाचा आणि ६ टक्के असेल तर तेवढंच पाणी मिसळा. दहा मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुऊन टाका. व्हिनेगर, पेरॉक्साइड आणि ब्लीच एकमेकांत कधीही मिसळू नका. ही साफसफाई यंत्र बंद करून, प्लग काढून, बाळाच्या खोलीबाहेर करायची.

टाकीत पाण्याशिवाय काहीही नको

हा भाग वाचून घरातल्या सगळ्यांना सांगा. दक्षिण कोरियात १९९४ पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायचं जंतुनाशक सर्रास विकलं जात होतं. घर स्वच्छ राहावं, बाळाला जंतू लागू नयेत, म्हणून आया ते रोज टाकीत घालत. २०११ मध्ये बाळंतिणी फुप्फुसं निकामी होऊन रुग्णालयात येऊ लागल्या तेव्हा शोध लागला की ते रसायन तुषारांबरोबर थेट छातीत जात होतं. लहान मुलं आणि त्यांच्या आया मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडल्या. कातडीवर किंवा फरशीवर चालणारी वस्तू श्वासात चालत नाही. म्हणून कुठलंही जंतुनाशक चालत्या यंत्राच्या पाण्यात घालायचं नाही, थेंबभरही नाही.

न धुतलेल्या यंत्राचा धोकाही तितकाच खरा आहे. २००८ मध्ये सायप्रसमधल्या एका खाजगी रुग्णालयाच्या नवजात कक्षात ह्युमिडिफायरच्या दूषित पाण्यातून लेजिओनेला हा जंतू पसरला आणि काही बाळं दगावली.

निलगिरीचं तेल, पुदिन्याचा अर्क, कापूर, बाम हेही नको. मेंथॉल आणि कापूर असलेले बाम दोन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी नसतात. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. ओवा-कापराची पुरचुंडी पाळण्याला बांधायची सवय असेल तर त्यातला कापूर काढून टाका.

परदेशात बाळंतपणाला जाणाऱ्यांसाठी

न्यू जर्सी, टोरंटोला लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या आयांना तिथली हवा पहिल्याच आठवड्यात बोचते. बाहेर शून्य अंश असताना ८० टक्के दमट असलेली हवा हीटिंगमुळे २२ अंशांना आली की २० टक्क्यांवर उतरते. तिथे ह्युमिडिफायरची खरीच गरज पडते, डिस्टिल्ड पाणी किराणा दुकानात गॅलनच्या कॅनमध्ये मिळतं आणि फिल्टरही सहज मिळतात, म्हणून बाष्पीभवनाचं यंत्र डोळे मिटून घ्यावं. कडाक्याच्या थंडीत मात्र ४० चा आग्रह धरू नका. खिडकीच्या काचेवर पाणी साचू लागलं की ३० ते ३५ वर समाधान मानायचं, नाहीतर चौकटीत बुरशी धरते.

यंत्र काय करू शकत नाही

कोरड्या हवेमुळे सुकलेलं नाक, फुटलेली त्वचा यांना आराम पडतो. सर्दी, खोकला, न्यूमोनिया यांवर हे औषध नाही. भुंकल्यासारख्या खोकल्यात, ज्याला डॉक्टर क्रूप म्हणतात, दमट हवेने फरक पडतो असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. चोंदलेल्या नाकासाठी डॉक्टरांना विचारून सलाइनचे थेंब घाला आणि दूध थोडं थोडं पण वारंवार पाजा.

झोपलेल्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला शिका. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त असतील, छातीत खड्डे पडत असतील, बाळ दूध ओढत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर लगेच दवाखाना गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस ताप आला तरी थांबू नका.

आणि थंडी सरली, आकडा आपोआप ४० च्या वर राहू लागला, की यंत्र आवरून ठेवायचं. ठेवण्यापूर्वी व्हिनेगरने एकदा पूर्ण धुवा, दोन दिवस उन्हात उघडं वाळवा, वापरलेला फिल्टर फेकून द्या. टाकीचं झाकण न लावता कापडी पिशवीत घालून माळ्यावर टाका. पुढच्या हिवाळ्यात काढाल तेव्हा नुसतं विसळून सुरू करू नका, पेरॉक्साइडची धुलाई आधी, नवा फिल्टर मग आणि पहिले दोन तास ते बाळाच्या खोलीबाहेर चालवून वास घ्या. कुबट वास आला तर पुन्हा धुवा. तरीही गेला नाही तर ते यंत्र टाकून द्या.